सुटलेलें पथ्य पुन्हां धरतांना

मोठ्या कष्टानें उतरविलेलें वजन पुन्हां अंगावर चढलें म्हणजे मनुष्य जितका खजील होतो, तितका तो पहिल्यानें लठ्ठ झाला तेव्हांही झालेला नसतो. पहिल्या वेळीं दोष वयाला किंवा बैठ्या कामाला देतां येतो. दुसऱ्या वेळीं तो आपल्याच जिभेच्या माथीं मारला जातो. ही लाज मग दोहोंपैकीं एक अनर्थ करते. कांहीं जण पथ्याचें नांवच टाकतात. कांहीं जण प्रायश्चित्त घेतल्यासारखे पूर्वीच्या दुप्पट कडकपणानें उपाशी राहूं लागतात. हा दुसरा अनर्थ पहिल्याहून घातक आहे, हें आमच्याच घरांतल्या एका प्रसंगावरून आम्हांस कळून चुकलें. वाचकांच्या घरींही असें कोणी असेल, म्हणून तो अनुभव आणि त्या निमित्तानें मिळविलेली माहिती येथें देत आहों.

आमचें घर मुळशी तालुक्यांतलें, पौडापासून जवळच. लहानमोठीं मिळून तेरा माणसें. मुळशी म्हणजे भाताचें आगर. येथल्या पावसावर पिकणारा आंबेमोहोर शिजूं लागला कीं आंब्याच्या मोहोराचा वास ओटीपर्यंत येतो. त्यास आज भौगोलिक मानांकनही मिळालेलें आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं येथील मावळ्यांनीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं जो सत्याग्रह केला, तो याच भातखाचरांसाठीं होता. अशा मुलखांत ‘भात सोडा’ असें सांगणें सोपें, पाळणें कठीण.

आमच्या थोरल्या वहिनींनीं तें पाळलें होतें. मधुमेह निघाल्यावर त्यांनीं भात, पोळी, साखर, बटाटा बंद केला आणि दहा महिन्यांत ९ किलो वजन उतरविलें. पुढें घरांत एक लग्न झालें, गणपति आले, दिवाळी आली. दोन वर्षांत त्या ९ किलोंचे ११ होऊन परत आले. वजनाबरोबर साखरही वाढली आणि डॉक्टरांनीं गोळ्यांची मात्रा वाढविली. गेल्या वर्षीं दसरा झाल्यावर एका सोमवारीं, कोणास न सांगतां, वहिनींनीं पूर्वीचेंच पथ्य एकदम सुरू केलें. शिवाय रात्रीचें जेवणही टाकलें. गोळ्या मात्र वाढविलेल्या मात्रेनें चालूच होत्या. तिसऱ्या दिवशीं तिन्हीसांजेस स्वयंपाकघरांत त्यांना दरदरून घाम आला, हात कांपूं लागले, डोळ्यांपुढें अंधारी आली. यंत्रावर साखर ५२ भरली. त्या शुद्धीवर होत्या म्हणून साखरेचें पाणी देतां आलें आणि प्रसंग निभावला. डॉक्टरांनीं दुसऱ्या दिवशीं समजाविलें तें असें : गोळीचा दोष नाहीं, पथ्याचाही नाहीं, गोळी भात खाणाऱ्या पोटासाठीं ठरविलेली होती आणि पोट उपाशी होतें.

म्हणून पथ्य पुन्हां धरणाऱ्यानें पहिली पायरी स्वयंपाकघरांत नव्हे, दवाखान्यांत चढावी. मागच्या वेळचें शरीर आतां राहिलेलें नसतें, औषधेंही तींच नसतात. इन्सुलिन, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनीं पिष्टमय पदार्थ कमी करण्यापूर्वींच मात्रा ठरवून घ्यावी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गांतील गोळ्या घेणाऱ्यांस तर अशा पथ्यांत रक्त आम्ल होण्याचा धोका असतो आणि त्या वेळीं साखर फारशी वाढलेली दिसतही नाहीं. रक्तदाबाच्या गोळ्याही कित्येकदां कमी कराव्या लागतात. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचे रोगी आणि लहानपणापासून इन्सुलिनवर असलेले मधुमेही यांनीं हें पथ्य आपल्या मनानें कधींच धरूं नये. साखर ७० च्या खालीं गेल्यास तीन लहान चमचे साखर पाण्यांतून द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजावी आणि मग कांहीं खाऊं घालावें. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहीं न घालतां रुग्णालय गांठावें. इतकें तरी घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें.

आतां वजन परत कां येतें, तें पाहूं. २०११ सालीं मेलबर्न येथील संशोधकांनीं ५० स्थूल माणसांना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार दिला. वजनें उतरलीं. परंतु एका वर्षानंतर तपासलें, तेव्हांही भूक वाढविणारीं द्रव्यें रक्तांत चढलेलींच होतीं, तृप्ति देणारीं उतरलेलींच होतीं आणि माणसांना पूर्वीपेक्षां अधिक भूक लागत होती. म्हणजे शरीर आपलें गेलेलें वजन सावकारासारखें लक्षांत ठेवतें आणि तगादा लावतें. हें कळल्यावर वहिनींच्या जिभेस दोष देण्याचें आम्हीं सोडून दिलें.

दुसरी गोष्ट काट्याची. आपल्या यकृतांत आणि स्नायूंत पिष्टाचा सुमारे चारपांचशें ग्रॅम साठा असतो आणि त्याबरोबर त्याच्या तिपटीइतकें पाणी धरून ठेवलेलें असतें. पिष्टमय पदार्थ कमी केले कीं हा साठा आटतो आणि पहिल्या आठवड्यांत दीडदोन किलो उतरतात. त्यांत चरबी थोडी, पाणी फार. लग्नाच्या दोन दिवसांत तेवढेंच वजन परत चढतें, तेंही बहुतांशीं पाणीच. उतरतांना फुशारकी नको आणि चढतांना हाय खाणें नको. पाण्याबरोबर मीठही जातें, म्हणून आरंभीं डोकें दुखतें, उठतांना भोंवळ येते. मीठ घातलेलें ताक किंवा मुगाचें कढण घेतल्यानें तें बहुधा थांबतें. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंड यांचा विकार असल्यास मीठही विचारूनच घ्यावें.

घाई हा तिसरा शत्रु. आठवड्यास अर्ध्या ते एक किलोहून अधिक वेगानें उतरण्याची हांव धरूं नये. फार वेगानें वजन उतरल्यास पित्ताशयांत खडे होण्याचा संभव वाढतो आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजन परत येतें तेव्हां चरबी आधीं येते, स्नायू तितक्या तत्परतेनें येत नाहींत. अशा चढउतारांत माणूस आंतून दुबळा होत जातो. या पथ्यास ज्यानें प्रसिद्धि दिली तो लंडनचा विल्यम बॅंटिंग. त्यानें आपली हकीकत १८६३ सालीं छापली. वर्षभरांत त्याचे ४६ पौंड उतरले, म्हणजे आठवड्यास एक पौंडाहूनही कमी. त्यालाही घाई नव्हती.

पथ्य कोणतें धरावें, याचा वाद आपल्याकडे फार. डॉ. श्रीकांत जिचकार यांनीं मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं महाराष्ट्रभर पोंचविलेली दोन वेळां जेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तिचा भर किती वेळां खावें यावर आहे, पिष्ट कमी करण्याचा मार्ग निराळा. २०१८ सालीं अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठानें ६०९ माणसांवर वर्षभर प्रयोग केला. पिष्ट कमी करणारे आणि स्निग्ध पदार्थ कमी करणारे यांच्या उतरलेल्या वजनांत म्हणण्यासारखें अंतर पडलें नाहीं. तेव्हां जें पथ्य आपल्या घरांत वर्षानुवर्षें चालेल, तेंच आपलें पथ्य.

आमच्यासारख्या शाकाहारी घराची अडचण येथेंच आहे. पानांतून भात आणि पोळी काढली कीं उरतें काय? भाजी, कोशिंबीर आणि लोणचें. वहिनी पहिल्या वेळीं त्यावरच राहिल्या होत्या. प्रथिनें पुरेशीं पोटांत गेलींच नाहींत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हिशेबानें प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागें दिवसास सुमारें ०.८३ ग्रॅम प्रथिनें लागतात. ६० किलोच्या माणसास ५० ग्रॅम. म्हणून या खेपेस आम्हीं काढण्यापूर्वीं घालण्यास आरंभ केला : दोन्ही जेवणांत मोड आलेल्या कडधान्यांची उसळ किंवा घट्ट वरण, वाटीभर दहीं, अधूनमधून पनीर, सकाळीं मुगाचें धिरडें, तोंडीं लावण्यास शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी. दोन आठवडे याप्रमाणें गेल्यावर मग भात उतरविला.

डाळींतही पिष्ट असतेंच. म्हणून मांसाहारी लोकांसारखें तें दिवसास वीस-तीस ग्रॅमवर आणण्याचा हट्ट शाकाहाऱ्यानें धरूं नये. दिवसास १३० ग्रॅमच्या आंत राहिलें तरी पथ्य पाळलें असें शास्त्र मानतें. मध्यम भाकरींत अजमासें ३० ग्रॅम, लहान वाटीभर भातांत तितकेंच, वाटीभर उसळींत सुमारें २० ग्रॅम पिष्ट असतें. दोन भाकऱ्या, दोन वाट्या उसळ किंवा वरण, दहीं आणि भाज्या एवढ्यांत दिवस बसतो. भात हवा असल्यास त्या वेळची भाकरी सोडावी.

उपासाचा विचार निराळा करावा लागतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाहीं. साबूदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅमांत सुमारें ८७ ग्रॅम, आणि प्रथिनें नांवालाच. त्यावर बटाटा आणि रताळें आलें म्हणजे उपासाच्या दिवशीं पिष्टाचा कडेलोट होतो. आम्हीं त्याऐवजीं दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, दहीं आणि भगर चार घास, असा फराळ ठेवला. वडीलधाऱ्यांनीं त्यास हरकत घेतली नाहीं. देवासही चालत असावें.

आतां आमच्या घराचा दोष. वहिनींच्या ताटाचा खरा हिशेब मांडला, तेव्हां असें दिसलें कीं त्यांचें पथ्य मेजवानीनें जितकें मोडलें नव्हतें, तितकें पातेल्याच्या तळानें मोडलें होतें. त्या सर्वांच्या मागून जेवावयास बसत. उरलेला भात टाकवत नाहीं म्हणून तो त्यांच्या पानांत जाई. अधिक उरला तर सकाळीं फोडणीचा भात होई आणि त्याचाही शेवटचा वांटा त्यांचाच. वर आम्ही आग्रह करीत असूं : ‘आजच्या दिवस घ्या, एवढ्यानें काय होतें?’ ज्या घरानें अन्न वाया जाऊं नये याचा भार एकीच्याच पोटावर टाकला, त्यानें तिच्या वजनाची चर्चा करावी, हें आम्हांस शोभणारें नव्हतें. आतां दोन वाट्या तांदूळ कमी शिजतात, वहिनी पहिल्या पंगतीस बसतात आणि उरलेलें काढण्याची पाळी रोज निराळ्याची असते. दुसऱ्या पथ्यांत सर्वांत मोठा फरक याच नियमानें पडला, असें आमचें मत आहे.

आरंभ करतांनाच शेवट ठरवावा, हीही गोष्ट आम्ही शिकलों. पहिल्या वेळीं पथ्य एकदम सुटलें, कारण तें सोडावें कसें हें कोणीं ठरविलेंच नव्हतें. वजन मनाजोगें झाल्यावर एक पदार्थ आणावा, दोन आठवडे थांबावें, मगच दुसरा. आठवड्यांतून एकदां, ठराविक वारीं, सकाळीं वजन करावें. दोन आठवडे लागोपाठ दोन किलो अधिक दिसले तर लगेच मागें फिरावें. रोज चालावें आणि आठवड्यांतून दोनतीनदां स्नायूंस जोर पडेल असा व्यायाम करावा.

आणि केवळ काट्यावर भिस्त ठेवूं नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत आपली तुलना डॉ. युडकिन या इंग्रज सहकाऱ्याशीं केली होती. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदीं सारखा, २२.३, पण अंगांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपण बारीक दिसूनही आंतून स्थूल असूं शकतों. म्हणून कंबर मोजावी : पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरांच्या आंत असावी.

वहिनींचे आठ महिन्यांत ५ किलो उतरले आहेत. गेल्या वेळच्या मानानें थोडे. पण गोळ्यांची मात्रा डॉक्टरांनीं कमी केली आहे आणि तिन्हीसांजेचा तो प्रसंग पुन्हां आलेला नाहीं. नैवेद्याच्या दिवशीं आंबेमोहोर शिजतो, तेव्हां त्या वाटीभर घेतात, त्यावर तूप घेतात आणि सावकाश जेवतात. दुसरी वाटी घ्या, असें आतां आमच्याकडे कोणी म्हणत नाहीं. वाचकांच्या घरीं कोणी सुटलेलें पथ्य पुन्हां धरीत असेल, तर त्यास उपदेश करण्यापूर्वीं आपल्या पातेल्याचा तळ एकदां पाहावा, इतकीच विनंती.