सहा सुतांचा फरक

गतवर्षी पर्युषण पर्व आटोपल्यावर आम्ही उभयता कन्येकडे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात, तीन महिने राहून आलो. तिकडच्या प्रवासवर्णनांनी मासिकांची पाने पुष्कळ भरली आहेत, म्हणून ते टाळतो. मला सांगायचे आहे ते एका मापाविषयी. सारी उमेद बँकेत आकडे तपासण्यात घालवलेल्या माणसाला पाऊण इंचाने कसे जमिनीवर आणले, त्याची ही हकिगत आहे.

कन्येचे घर जुने, लाकडी बांधणीचे. दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस आहे. ज्यांनी ती केवळ चित्रपटात पाहिली असेल त्यांच्यासाठी सांगतो : भिंतीत कोनाड्यासारखी विस्तवाची जागा, तिच्यावर धुराडे, समोर जमिनीवर विटांचा किंवा दगडाचा सपाट ओटा, तोंडाभोवती विटांचा दर्शनी पट्टा आणि त्या पट्ट्याला वेढणारी लाकडी चौकट. या चौकटीला तिकडे ‘मँटल’ म्हणतात. दोन बाजूंना दोन पाय, वर आडवी पट्टी आणि माथ्यावर फळी. फळीवर घड्याळ, तसबिरी, आल्यागेल्याची भेटकार्डे. आपल्याकडे देवळीला किंवा दिंडीदरवाजाला जो मान असे, तोच तिकडे या फळीला.

आधीच्या मालकाने मँटल काढून टाकले होते, त्यामुळे भिंत उघडीबोडकी दिसे. जावईबापूंनी जवळच्या एका सुतारी कारखान्यात नवे मँटल सांगितले. तयार मापाची मँटले दुकानात मिळतात, पण जुन्या घराला ती क्वचितच बसतात. म्हणून मापाबरहुकूम करून घ्यायचे ठरले. निम्मी रक्कम आगाऊ भरली. कारखान्याची अट स्पष्ट होती : आराखड्यावर ग्राहकाची सही झाली की लाकूड कापले जाईल, आणि मग माल परत घेतला जाणार नाही. माप मात्र ग्राहकानेच द्यायचे.

“बाबा, तुम्हीच घ्या माप. तुमचा आकडा कधी चुकत नाही,” कन्या म्हणाली. निवृत्त माणसाला एवढे पुरते.

कारखान्याच्या अर्जात दहा-बारा रकाने होते. पहिला तोंडाच्या रुंदीचा. मी एकदा टेप लावली, ३६ इंच लिहिले आणि पुढे सरकलो. जावईबापू शांत स्वभावाचे. त्यांनी अर्जाच्या तळाशी बोट ठेवले. तेथे लिहिले होते की प्रत्येक माप तीन ठिकाणी घ्यावे. पुन्हा टेप लावली. वर ३६ इंच १ सूत, मध्ये ३६ इंच, खाली ३६ इंच ३ सूत. (आपले सुतार इंचाचे आठ सूत करतात. अमेरिकन टेपवर सोळावा हिस्सा असतो, पण माझ्या डोळ्यांना आठवाच मानवतो.) उंची डावीकडे २९ इंच २ सूत, उजवीकडे २८ इंच ७ सूत. म्हणजे ओटा एका बाजूला उचललेला. कर्ण मोजले तर तेही सारखे नाहीत. तोंड काटकोनात नाही हे त्यावरून निश्चित झाले. शंभरेक वर्षांत घर थोडे बसते, विटा थोड्या सरकतात, त्यात नवल नाही. अशा वेळी पाय इंचभर लांब ठेवून घेतात आणि बसवताना जागेवर कापतात.

विस्तवाच्या जागेच्या बाजूच्या भिंती आत जाताना तिरप्या होत्या आणि खोली बेताचीच होती. त्या रचनेमागे एक इतिहास आहे. बेंजामिन थॉम्पसन, म्हणजे पुढे काउंट रमफर्ड म्हणून प्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञ, १७५३ साली याच राज्यातील वोबर्न गावी जन्मला. १७९६ मध्ये त्याने फायरप्लेसवर निबंध प्रसिद्ध केला. जागा उथळ करा, बाजू तिरप्या करा, धुराड्याचा गळा अरुंद करा, म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाईल आणि धूर वर जाईल, असे त्याचे म्हणणे. मँटलला मात्र आतल्या मापांशी कर्तव्य नसते. त्याला लागते ते दर्शनी माप.

खरी खबरदारी लाकूड आणि विस्तव यांतील अंतराची. अमेरिकेतील घरांच्या नमुना बांधकाम-संहितेनुसार विटांच्या फायरप्लेसच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड येता कामा नये. १२ इंचांच्या आत जे लाकूड असेल ते तोंडापासूनच्या दर इंचाला एक अष्टमांश इंच, म्हणजे आपल्या भाषेत इंचाला एक सूत, याहून अधिक पुढे येऊ नये. हा नियम वाचून मला आपल्या सुतारांची आठवण झाली. म्हणून चौकटीची आतली रुंदी ४९ इंच ठरवली. तोंडाची रुंदी जेथे सर्वांत अधिक, त्या तळाशीही प्रत्येक बाजूला सहा इंचांहून थोडे जास्त अंतर उरले, आणि पायांची जाडी सहा सूत ठेवली. समोरच्या ओट्यालाही नियम आहे. तोंड ६ चौरस फूट किंवा त्याहून मोठे असेल तर ओटा समोर २० इंच आणि दोन्ही बाजूंना १२ इंच हवा. लहान असेल तर १६ आणि ८ पुरतात. आमचे तोंड सव्वासात चौरस फुटांच्या आसपास, ओटा ६० इंच लांब. तेथे काही करायचे नव्हते.

येथे मी एक शंका काढली. आमच्या कन्येच्या घरी ओंडके जाळत नाहीत. सालीखाली आणि भेगांत किती जीव दडलेले असतात हे तिने एकदा पाहिले, तेव्हापासून ती जागा केवळ शोभेची आहे. मग हे सहा इंच, बारा इंच कशासाठी? जावईबापू म्हणाले, “बाबा, घर उद्या विकले तर घेणारा विस्तव पेटवणारच. त्याला काय ठाऊक, मँटल शोभेसाठी बसवले होते?” मी अनेक वर्षे तारण मालमत्तेची कागदपत्रे तपासली, पण खरेदीदाराच्या बाजूने असा विचार मला सुचला नव्हता.

आता मूळ चुकीकडे येतो. फायरप्लेसच्या डावीकडे खिडकी, उजवीकडे जेवणघराचे दार. खिडकीच्या चौकटीपासून दाराच्या चौकटीपर्यंतचे अंतर ७३ इंच २ सूत भरले. फळी ७२ इंचांची हवी अशी कन्येची इच्छा. ७३ इंच २ सुतांत ७२ बसतात, शिवाय दहा सूत शिल्लक. मी रकाना भरला, खाली रेघ ओढली. दोन दिवसांत आराखडा आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सही करून पाठवायची होती.

रात्री जेवणे झाल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, कागद कापून पाहिला का?” त्यांनी उभ्या आयुष्यात वर्तमानपत्रावर आकार कापल्याशिवाय ब्लाउजच्या कापडाला कात्री लावलेली नाही. मी म्हटले, आराखडा कारखान्याने यंत्रावर काढला आहे, कागदाची गरज काय? त्या काही बोलल्या नाहीत. घरात सामानाची रिकामी खोकी होती, ती त्यांनी उलगडली. नातीने चिकटपट्टी आणली. तासाभरात पुठ्ठ्याचे मँटल तयार झाले आणि मध्यरेषा तोंडाच्या मध्याला जुळवून आम्ही ते भिंतीला लावले. डावीकडे ऐसपैस जागा उरली. उजवीकडे फळीचे टोक दाराच्या चौकटीवर चढून दुमडले.

मी टेप घेतली. तोंडाच्या मध्यापासून खिडकीपर्यंत ३८ इंच. मध्यापासून दारापर्यंत ३५ इंच २ सूत. फळीचा निम्मा भाग ३६ इंचांचा. सहा सूत कमी! फायरप्लेस खिडकी आणि दार यांच्या मधोमध नाही, हे महिनाभर रोज समोर बसून चहा घेणाऱ्या आम्हा कोणाच्या ध्यानात आले नव्हते. मी बेरीज मोजली होती. बेरीज बरोबरच होती. व्यापारी वाचकांना हे वेगळे सांगायला नको. तेरीजपत्रक जुळले म्हणजे हिशेब बिनचूक, असे नवखा कारकून समजतो. एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यावर पडली तरी तेरीज जुळतेच. नव्याने रुजू झालेल्या किती जणांना मी हे शिकवले असेन. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करतो. रकमेपेक्षा कन्येने सर्वांदेखत दाखवलेला विश्वास डोळ्यांपुढे येत होता.

सकाळी कारखान्यात दूरध्वनी केला. सही झाली नसल्याने बदल मान्य झाला. फळी ६९ इंचांची केली, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे साडेचौतीस. चौकटीची बाहेरची रुंदी ६३ इंच होती, त्यामुळे फळी दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच पुढे राहिली. दिसायला ते उलट अधिक बरे. डावीकडे साडेतीन इंच आणि उजवीकडे पाऊण इंच अंतर उरते, आणि पाहणाऱ्याला ते कळते. कन्येने त्याला हरकत घेतली नाही. मध्य सोडून फळी सरकवली असती तर ती विस्तवाच्या तोंडाशी विसंगत दिसली असती.

दुसरी एक गोष्ट पुठ्ठ्यामुळेच कळली. चौकटीचे पाय ओट्याच्या कडेवरून दीड-दीड इंच बाहेर जात होते, आणि ओटा लाकडी जमिनीपेक्षा तीन सूत उंच आहे. पायाच्या तळाला तेवढा खाचा पाडावा लागणार होता. तीही टीप आराखड्यावर लिहून पाठवली. एवढे झाल्यावर मी खाली सही करायला जावईबापूंना सांगितले. माझी करण्याचे धाडस झाले नाही.

आमच्या परतीच्या आठ दिवस आधी मँटल आले. पॉप्लरचे लाकूड, पांढरा रंग. दोन माणसांनी पाणसळ लावून ते बसवले, उजवा पाय तीन सूत कापला, काम दोन तासांत झाले. नातीने लगेच आजी-आजोबांची तसबीर फळीवर ठेवली. सौभाग्यवतींनी जेवणघराचे दार उघडून मिटून पाहिले, मग फळीचे टोक आणि दाराची चौकट यांच्यामधील फटीत बोट घातले. ते बरोबर बसले.