ग्रीक-रोमन वाङ्मय आणि श्रवणाचें प्रमाण

पॉडकास्ट म्हणजे हवी तेव्हां ऐकतां येणारी ध्वनिमुद्रित व्याख्यानमाला. हा शब्द २००४ मध्यें प्रथम वापरांत आला, आणि त्यानंतर प्राचीन ग्रीस व रोम यांविषयीं अशा माला इंग्रजींत विपुल निघाल्या. माइक डंकन यांनीं २००७ पासून २०१२ पर्यंत रोमचा इतिहास आरंभापासून पश्चिम साम्राज्याच्या अंतापर्यंत भागशः सांगितला; मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठानें रोमन सम्राटांवर स्वतंत्र माला काढली. पोथ्या-दप्तरांत आयुष्य वेंचलेल्या मंडळींस हा प्रकार हलका वाटण्याचा संभव आहे. लिखित आधारावांचून विधान करूं नये, ही आपली शिस्त. ती सोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हें वाङ्मय मुख्यतः कानासाठींच रचलेलें होतें, हें ध्यानांत घेतल्यावांचून निवाडा करणें उचित होणार नाहीं.

ईजिप्तच्या वाळूंत सांपडलेल्या ग्रीक पापिरसांवर शब्द सलग लिहिलेले असतात. मध्यें जागा नाहीं, विरामचिन्ह क्वचित्. आपल्या जुन्या पोथ्या ज्यांनीं लावल्या आहेत त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. अशी ओळ मोठ्यानें म्हटली कीं पदच्छेद सुलभ होतो. प्राचीनांस मनांत वाचतांच येत नव्हतें, असें मात्र कोणीं समजूं नये. तें मत आतां मागें पडलें आहे. तथापि रोममधील सधन घरांत ग्रंथ वाचून दाखविणारा सेवक असे, हें निश्चित. धाकट्या प्लिनीनें आपल्या मामाच्या दिनचर्येविषयीं लिहिलेल्या पत्रांत एक मौजेचा प्रसंग आहे. वाचकानें कांहीं उच्चार चुकविला, म्हणून जमलेल्या स्नेह्यांपैकीं एकानें त्यास तो भाग पुन्हां वाचावयास लावलें. मामानें त्या स्नेह्यास विचारलें कीं, अर्थ कळला होता ना? होकार येतांच, मग मागें फिरविण्यांत दहा ओळींहून अधिक वाचन बुडालें, अशी कुरकुर केली. आमच्या मतें मामापेक्षां तो स्नेहीच अधिक चांगला संशोधक.

मालेंतील वक्ता जेव्हां एखादें ग्रीक किंवा लॅटिन वचन म्हणतो, तेव्हां आपणहि त्या स्नेह्याप्रमाणें थांबून विचारावें कीं, या उच्चारास आधार काय? आधार पुष्कळ आहेत. आपण 'सिसेरो' म्हणतों तें नांव ग्रीक लेखक ककारानें, 'किकेरोन' असें लिहीत. इ. स. पू. पांचव्या शतकांतील नाटककार क्रॅटिनस यानें मेंढीचें ओरडणें ज्या अक्षरांनीं लिहिलें, तीं आजच्या ग्रीक वळणानें 'व्ही व्ही' अशीं वाचावीं लागतात, प्राचीन वळणानें 'बे बे' अशीं. मेंढी कशी ओरडते हें ठरवावयास व्याकरण लागत नाहीं. ग्रीक 'फाय' हें अक्षर उतरवितांना रोमन लोक, स्वतःच्या लिपींत दन्तौष्ठ्य 'एफ' असूनहि, तें टाळून 'पी'पुढें 'एच' लिहीत. यावरून तो ध्वनि संस्कृत 'फल' शब्दांतील महाप्राण फकारासारखा होता असें दिसतें.

येथें नाणीं जमविणाऱ्यांनीं पुढें यावें. अफगाणिस्तानांत आय-खानूम येथें १९७० मध्यें अगाथोक्लीस राजाचीं चौकोनी नाणीं सांपडलीं. त्यांच्या एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस ब्राह्मी लेख आहे. ब्राह्मींत 'राजने अगथुक्लेयस' असें आहे. आजच्या ग्रीकांत जेथें घर्षक ध्वनि आहे तेथें या लेखांत स्वच्छ थकार आहे. मात्र ही साक्ष एकटी पुरेशी नव्हे, कारण ब्राह्मींत त्या घर्षकास अक्षरच नव्हतें. कोरणाऱ्यास थकाराखेरीज जवळचें दुसरें काय सुचणार? रोमन साक्षीच्या जोडीस घेतली तरच तिला वजन येतें. अशोकाच्या तेराव्या शिलालेखांत शाहबाझगढी येथें टॉलेमीचें नांव 'तुरमये' असें आलें आहे, त्यासहि हाच नियम लावावा.

ऐकीव मालांतील सर्वांत मोठी उणीव स्वराची. ग्रीक स्वर आघाताचा नसून उंचीचा होता. वैदिक 'पितृ' शब्दाचा उदात्त अंत्य अक्षरावर, तसाच ग्रीक 'पतेर' याचा. 'भ्रातृ' याचा पहिल्या अक्षरावर, तसाच ग्रीक 'फ्रातेर' याचा. इ. स. पू. पहिल्या शतकांतील हॅलिकार्नाससचा डायोनिसिअस सांगतो कीं, बोलण्यांतील हा चढउतार सुमारें पंचमाइतका असे, म्हणजे आपल्या भाषेंत षड्जापासून पंचमापर्यंत. आम्हीं ऐकलेल्या बहुतेक मालांत वक्ते त्या ठिकाणीं नुसता जोर देतात. ज्यांच्या कानांवर ऋक्पठणाचे संस्कार आहेत त्यांस हा दोष तत्काळ जाणवेल. मात्र सांप्रतच्या ऋक्पठणांत उदात्ताहून स्वरित उंच लागतो, हा भेद विसरूं नये. पडताळ्यासाठीं सेइकिलोसचा शिलास्तंभ उपयोगी आहे. तो १८८३ मध्यें तुर्कस्तानांतील आयदिनजवळ प्रकाशांत आला व सध्यां कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. त्यावर गीताच्या शब्दांच्या वर स्वरलिपि कोरलेली असून, आरंभींचा शब्द वगळल्यास, चाल बहुतांशीं शब्दस्वराशीं जुळते.

व्यवहाराची एक गोष्ट. ऐकतांना मूळ पाठ समोर असावा. लोएब मालेंत तो इंग्रजी भाषांतरासह मिळतो. टिपणांत मालेचें नांव, भागाचा क्रमांक, प्रसिद्धीची तारीख आणि विधान कितव्या मिनिटास आलें तें लिहावें, आणि वक्त्यानें ज्या प्राचीन ग्रंथकाराचें नांव घेतलें असेल त्याचें स्थळ स्वतः काढून पाहावें. ध्वनिमुद्रण पुन्हां कापून प्रसिद्ध करतां येतें, किंवा एखाद्या दिवशीं काढूनहि टाकलें जातें. तेव्हां ज्या भागाचा आधार घ्यावयाचा त्याची प्रत, पोथीची नक्कल करून ठेवतों तशी, अगोदरच जवळ असूं द्यावी.