ढेकळाचे आकारमान व बागेतील जमिनीची घनता

ज्या फैजपूर गावी १९३६ सालच्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्या गावाच्या आसपासचा, सातपुडा व तापी यांच्यामधील काळ्या जमिनीचा पट्टा केळीच्या बागांकरिता सर्वांस ठाऊक आहे. ह्या जमिनीचा एक दोष मात्र पुष्कळदा उशिरा ध्यानात येतो. जमीन ओली असता तिजवरून ट्रॅक्टर किंवा घडांनी भरलेली गाडी फिरली, की वरून भुसभुशीत दिसणाऱ्या मातीखाली एक घट्ट थर बसतो. मग पाने पिवळी पडू लागतात. बागाईतदार समजतो की पाणी कमी पडले, व तो पाणी वाढवितो. वास्तविक मुळांस उणीव असते ती हवेची. पाणी वाढविल्याने ती उणीव अधिकच होते. तेव्हा पाणी कमी की हवा कमी, हा निवाडा आधी झाला पाहिजे. तो करण्याचे एक साधन म्हणजे बागेतलेच एखादे ढेकूळ होय.

ढेकळाचे वजन कोणासही करता येईल. अडचण आकारमानाची आहे, कारण वेड्यावाकड्या ढेकळास फूटपट्टी लागत नाही. सिराक्यूजच्या आर्किमिडीजने राजमुकुटाची परीक्षा भरल्या भांड्यातून सांडलेल्या पाण्यावरून केली, ही कथा शाळेत सर्वांनी ऐकलेली असते. ती रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हियस याने सुमारे दोनशे वर्षांनंतर लिहून ठेविली. परंतु गॅलिलिओने १५८६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ही सांडण्याची रीत फारच ढोबळ असल्याचे दाखवून वस्तू पाण्यात टांगून तोलण्याची रीत पुढे मांडली. आमच्या मते शेतकऱ्यानेही गॅलिलिओचीच कास धरावी. काठोकाठ भरलेल्या भांड्यावर पाणी फुगून राहते, काही थेंब काठास चिकटतात, आणि एवढ्याशा ढेकळाच्या मापात तेवढी चूकही फार होते.

कोरडे ढेकूळ तसेच पाण्यात सोडल्यास बुडबुडे येतात व ते विरघळून जाते. मग मोजावयाचे काय? म्हणून त्यावर मेणाचा पातळ लेप द्यावा. साधे पॅराफिन मेण नुकतेच वितळले की ढेकूळ दोऱ्याने धरून त्यात एकवार बुडवावे. मेण फार तापलेले असल्यास ते छिद्रांत शिरते, हे लक्षात ठेवावे. नंतर पाण्याचे भांडे ग्रॅम दाखविणाऱ्या वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, आणि दोरा आडव्या काठीस बांधून ढेकूळ पाण्यात पूर्ण बुडवावे. तळास वा बाजूस लागू देऊ नये. पाणी ढेकळास जितके वर ढकलते तितकेच ढेकूळ पाण्यास खाली दाबते. म्हणून काट्यावर जितके ग्रॅम वाढले तितके घनसेंटीमीटर त्याचे आकारमान.

समजा, ढेकूळ १५० ग्रॅम भरले व मेण लावल्यावर १५९. मेण ९ ग्रॅम झाले. त्याची घनता सुमारे ०.९, म्हणून त्याचे आकारमान १० घनसेंटीमीटर. पाण्यात काटा ९२ वर गेला, तर ढेकळाचे खरे आकारमान ८२. त्याच ठिकाणची थोडी माती १०५ अंश उष्णतेवर वाळवून पाहता कोरड्या मातीच्या शेकडा १२ इतकी ओल निघाली, तर कोरडी माती १३४ ग्रॅम व घनता सुमारे १.६३ येते. मातीच्या कणांची स्वतःची घनता साधारण २.६५ असते. ह्यावरून पोकळी शेकडा ३८ च्या वर. पैकी १९ हून थोडा अधिक भाग पाण्याने व्यापलेला, उरलेल्यात हवा. पाणी भरपूर दिल्यावर तो उरलेला भागही भरून जाणार, हे उघड आहे.

भारी चिकण जमिनीत ही घनता दीडच्या आसपास गेली की मुळांस जाच होऊ लागतो. तथापि एकट्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. काळी माती वाळताना आकसते, त्यामुळे सुक्या ढेकळाची घनता सदैव जास्त येते. शिवाय ढेकळांमधील भेगा ह्या मापात येत नाहीत. यास्तव चाक कधीच न गेलेल्या बांधाजवळचे एक व बागेतील एक, अशी ढेकळे एकाच वाफशावर व एकाच खोलीवरून घ्यावीत आणि त्यांची तुलना करावी. केळीची बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फुटातच असल्याने वीतभर व फूटभर खोलीवरचे नमुने पुरेत. प्रत्येक ठिकाणची तीन-चार ढेकळे तपासलेली बरी.

बागेतील ढेकूळ स्पष्टपणे जड निघाले, तर उभ्या बागेत खोल मशागत करू नये, मुळे तुटतात. चाकांची वाट एकच ठेवावी, वाफसा येण्यापूर्वी गाडी आत घालू नये, आणि पाण्याची पाळी लांबवून पाहावी. घट्ट थर फोडावयाचा तो बाग मोडल्यावर, उन्हाळ्यात जमीन पूर्ण वाळलेली असताना. ओल्या चिकणमातीत फाळ नुसता चिरत जातो व थर फुटत नाही. पुढे ताग किंवा धैंचा गाडून नव्या लागणीपूर्वी त्याच जागची ढेकळे पुन्हा तोलावीत.