विद्युत् प्रेषणमार्ग : वित्तव्यवस्था

दूरच्या निर्मितिकेंद्रांतील वीज उच्च दाबाने शहरापर्यंत आणणाऱ्या वाहिन्या, मनोरे व उपकेंद्रे यांसाठी भांडवल उभारण्याची आणि ते वीजदरातून परत मिळविण्याची पद्धती. प्रेषणमार्गाचा बहुतेक सर्व खर्च एक युनिटही वीज वाहून नेण्यापूर्वी करावा लागतो, तर त्याची वसुली पुढील २५ ते ३५ वर्षे चालते. म्हणून हा खर्च अखेरीस कोणत्या ग्राहकाने किती फेडावा, हाच या विषयातील मुख्य वादाचा प्रश्न ठरतो. महाराष्ट्रात मुंबई शहराच्या संदर्भात तो वारंवार उपस्थित झाला आहे.

मुंबईस दूरची जलविद्युत् प्रथम १९१५ मध्ये खोपोलीहून सुमारे ७० किमी. लांबीच्या वाहिनीने मिळाली. १९१० मध्ये स्थापन झालेल्या टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीस लंडनमध्ये मनाजोगत्या अटींवर भांडवल मिळू शकले नाही; ते भारतीय संस्थानिक व धनिक यांनी पुरविले. कापडगिरण्यांशी झालेले पुरवठा करार हेच त्या भांडवलाचे खरे तारण होते, असे म्हणता येईल. शहराची स्वतःची वीजसंस्था ‘बेस्ट’ ७ ऑगस्ट १९४७ रोजी महानगरपालिकेच्या मालकीची झाली. मात्र ती वितरणसंस्थाच राहिली व उच्चदाब वाहिन्या इतरांच्याच हाती राहिल्या. १९६० मध्ये स्थापन झालेले राज्य विद्युत् मंडळ सरकारी कर्जे, रोखे व वित्तसंस्थांची कर्जे यांवर विस्तार करीत असे. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन प्रेषणाचे काम महापारेषण कंपनीकडे आले.

नियामक आयोगाच्या प्रचलित रीतीनुसार प्रकल्पाचा ७० टक्के खर्च कर्जातून व ३० टक्के भागभांडवलातून झाला असे धरतात. १,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पाचे उदाहरण घेऊ. ७०० कोटींवर ९ टक्के व्याज ६३ कोटी, ३०० कोटींवर १५·५ टक्के परतावा ४६·५ कोटी आणि ५·२८ टक्के घसारा ५२·८ कोटी, असा पहिल्या वर्षाचा आकार देखभाल वगळता सु. १६२ कोटी रुपये होतो. वाहिनीतून वर्षभर सरासरी ५०० मेगॅवॉट वीज वाहिली, तर हा बोजा दर युनिटला सु. ३७ पैसे पडतो. निम्मीच वाहिली, तर ७४ पैसे. व्याजाचा भाग कर्जफेडीबरोबर घटत जातो.

प्रत्यक्षात हा आकार एकट्या शहराकडून वसूल होत नाही. जून २००६ मधील आयोगाच्या आदेशापासून राज्यांतर्गत सर्व प्रेषण परवानाधारकांचा खर्च एकत्र करून तो वितरण संस्थांच्या उच्चतम मागणीतील वाट्यानुसार विभागला जातो. त्यामुळे परळी वैजनाथजवळच्या धर्मापुरीतील (जि. बीड) घरगुती ग्राहकाच्या देयकात मुंबईच्या वाहिनीचा अल्पसा अंश असतो, तसाच मुंबईकराच्या देयकात मराठवाड्यातील राज्य वाहिन्यांचाही असतो. परळीतून १९७१ पासून औष्णिक वीज राज्यभर जात आली आहे, हे लक्षात घेता ही विभागणी अन्याय्य म्हणता येत नाही. पण मुंबईच्या भूमिगत वाहिन्या फार महाग असतात, हेही विसरून चालणार नाही.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा मार्गावरील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या बंद पडल्यावर मुंबई अंधारात गेली. शहराला जाळ्यापासून अलग करून स्थानिक निर्मितीवर चालू ठेवणारी यंत्रणाही त्या दिवशी टिकली नाही. त्यापूर्वीच स्पर्धात्मक बोलीने दिलेली खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कार्यान्वित झाली. अशा बोलीत कंपन्या ३५ वर्षांचा वार्षिक आकार सांगतात व सर्वांत कमी आकार सांगणारी काम मिळविते. अंदाजापेक्षा खर्च वाढला तर तो बहुतांशी तिचाच. याउलट कुडूस-आरे या सु. ७,००० कोटी रुपयांच्या, १,००० मेगॅवॉट क्षमतेच्या एकदिश प्रवाहाच्या मार्गास आयोगाने २०२१ मध्ये बोलीविना परवाना दिला. तेथे आयोगाने तपासून मान्य केलेला खर्च वसूल होतो. टाटा पॉवरने यास आव्हान दिले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम ठेवला. तातडीच्या कामात ही पद्धती सोयीची असली, तरी खर्चाची छाननी कसोशीने न झाल्यास ग्राहकाचे नुकसान होते.

अंदाजपत्रकात लहान दिसणारी, पण काम वर्षानुवर्षे अडवू शकणारी बाब म्हणजे जमीन. वाहिनीखालील जमीन सहसा संपादन करीत नाहीत. ती शेतकऱ्याकडेच राहते, मात्र तिच्या वापरावर बंधने येतात. केंद्र शासनाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालील जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या ८५ टक्के व तारांखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के भरपाई होती. जून २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २०० व ३० टक्के करण्यात आले. राज्यांतर्गत वाहिन्यांना ते लागू करणे राज्यांवर सोपविले आहे. भरपाई प्रकल्पखर्चात धरली जाते. वरील उदाहरणात तीपोटी आणखी ५० कोटी रुपये दिले, तरी दर युनिटमागील वाढ दोन पैशांहून कमीच राहते.