हार्डनर दुप्पट, मूर्ती अर्धी

अकोल्याच्या जुन्या शहरात श्रावणाचा शेवटचा सोमवार राजराजेश्वराच्या कावडीचा. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी येते, मंडळांच्या पालख्या आणि देखावे रस्त्यावर उतरतात. पोळा तोंडावर असतो आणि दोन आठवड्यांच्या आत गणपती. मूर्तिकामाची सगळी घाई याच दिवसांत, आणि फायबरच्या मोठ्या मूर्तीबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमजही याच घाईतला: पाऊस लागलाय, मूर्ती वाळत नाही, तर हार्डनर दुप्पट घाला. कितीही वेळा खोडून काढला तरी हा सल्ला दर श्रावणात परत येतो. म्हणून एकदा नीट मांडून सांगायला हवे की तो चूक का आहे.

शाडू वाळतो, कारण त्यातले पाणी उडून जाते. रेझिनमध्ये उडून जायचे असे पाणीच नसते. फायबरच्या मूर्तीसाठी साधारणपणे वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन स्टायरीन नावाच्या द्रवात विरघळवलेले असते. कोबाल्टच्या साहाय्याने हार्डनर त्यात साखळी प्रक्रिया सुरू करतो आणि स्टायरीन रेझिनच्या लांब रेणूंना एकमेकांशी बांधते. द्रव वाळून जात नाही, त्यातला बहुतेक भाग जागच्या जागी घन होतो. या प्रक्रियेतून उष्णता निघते. हार्डनरचे प्रमाण साधारण 1 ते 2 टक्के, म्हणजे किलोभर रेझिनला 10 ते 20 ग्रॅम. त्याच्या दुप्पट ओतले की प्रक्रिया भडकते. डबा हाताला चटका देतो, कधी धूरही निघतो. पॉलिएस्टर घट्ट होताना आकारमानाने पाच ते आठ टक्के आकसते. ते आकसणे सावकाश झाले तर पचते, एकदम झाले तर आतल्या आत ताण राहतो आणि तडे जातात. शिवाय जास्तीचा हार्डनर कामी न येता आतच अडकतो आणि मालाला कमजोर करतो. लवकर कडक झाली ती मूर्ती पक्की झाली, असे नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा, की वर्षानुवर्षे हार्डनर झाकणाच्या अंदाजाने ओततात आणि मूर्ती उभ्या आहेत. उभ्या आहेत हे खरे, पण त्या रेझिनमध्ये बसवलेल्या काचतंतूंच्या मॅटच्या जोरावर. धड, पाठ, प्रभावळ यांत मॅटचे थर असतात, भार ते पेलतात आणि रेझिनची चूक झाकली जाते. मॅट पोचत नाही तिथे पाहा: बोटे, सोंडेचे टोक, त्रिशूळाचा दांडा आणि हात खांद्याला जोडतात ती रेघ. तुटते ते तिथेच, आणि बहुतेकदा श्रावणात नव्हे, तर वऱ्हाडात पारा 45 च्या आसपास गेल्यावर. मोठी मूर्ती सुट्या भागांत साच्यातून निघते. तिचा जोड रेझिनच्या नुसत्या घट्ट लपक्याने टिकत नाही. दोन्ही भागांत सळई किंवा पाइप घ्यावा, दोन्ही कडा घासून खरखरीत कराव्यात आणि आतून मॅटचे दोन-तीन थर द्यावेत. हार्डनर कितीही वाढवला तरी ही कामे टळत नाहीत.

पाऊस आणि गारवा प्रक्रिया मंदावतात, हे मान्यच. म्हणून मे महिन्यात 1 टक्क्याजवळ राहावे आणि श्रावणात 2 टक्क्यांकडे सरकावे, त्यापुढे नाही. श्रावणातला खरा शत्रू ओल आहे. दमट मॅटवर रेझिन नीट बसत नाही, पांढरे डाग पडतात. मॅट कोरड्या खोलीत ठेवणे हा हार्डनर वाढवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे. आणि वरचा पापुद्रा चिकट राहिला तर ते कच्चेपणाचे लक्षण असतेच असे नाही. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरची प्रक्रिया रोखतो. त्यासाठी शेवटच्या थरात मेण मिसळलेले रेझिन वापरतात.

‘फायबरवर रंग धरतच नाही, भारी कंपनीचा आणा’ हीही जोडीची तक्रार. रंगाचा दोष क्वचितच असतो. साच्यातून मूर्ती सुटावी म्हणून आत मेण लावलेले असते, आणि ते मूर्तीबरोबर बाहेर येते. पाण्याने ते निघत नाही. थिनरने पुसून, साबणाने धुऊन, मग पॉलिश पेपर ओला करून सगळा पृष्ठभाग घासावा लागतो. चमक पूर्ण मेली की प्रायमर, आणि त्यानंतर रंग. दागिन्यांच्या खाचा आणि डोळ्यांचे कोपरे घासायचे राहतात आणि पापुद्रा सुटायला तिथूनच सुरुवात होते. ओले घासण्याचा दुसरा फायदा धूळ उडत नाही हा. तोंडाला रुमाल बांधला की झाले, हा समज सोडून द्यावा. बारीक धूळ रुमालातून आरपार जाते.

‘वास येईनासा झाला म्हणजे हवा साफ’ हेही खरे नाही. नाक स्टायरीनच्या वासाला सरावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018 मध्ये स्टायरीनला माणसात कर्करोगाचे संभाव्य कारण ठरवले आहे. हा धोका दर्शनाला येणाऱ्या भाविकाला नाही, बंद खोलीत दिवसभर काम करणाऱ्या पोराला आहे. त्याच्यासाठी समोरासमोरच्या दोन खिडक्या, पंखा आणि रसायनाच्या वाफांचा मास्क हवा.

‘फायबर म्हणजे पर्यावरणपूरक’: नाही. ते वितळत नाही, कुजत नाही, जाळले तर काळा धूर होतो. वर्षानुवर्षे तीच मूर्ती वापरली तरच त्याचे समर्थन होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना पीओपीबरोबर प्लास्टिकच्या मूर्तीलाही नको म्हणतात.

‘कोबाल्ट आणि हार्डनर आधीच एकत्र करून ठेवले की वेळ वाचतो’: हे कधीही करू नये. दोन्ही थेट मिसळले तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, हार्डनर त्यानंतर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते; चष्मा लावूनच ओतावे, आणि उडालाच तर किमान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन थेट डॉक्टर गाठावा.