आकाशाची हद्द

नगरच्या माणसाला तोफेचा आवाज नवा नाही. खारे कर्जुनेच्या बाजूने धडाका झाला, खिडकीची तावदाने थरथरली, की घरातले कोणी तरी मान वर न करता म्हणते, 'के. के. रेंजवर सराव चालू आहे.' शहर आणि लष्कर यांचा हा शेजार जुना आहे. १७०७ साली औरंगजेब मरण पावला तो भिंगारच्या छावणीत. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने भुईकोट किल्ला घेतला आणि इंग्रजी फौज येथे आली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ पासून, चिलखती दलाचे मोठे शिक्षणकेंद्र येथे आहे. यांत्रिक पायदळाचे केंद्र आहे. लष्करी वाहनांचे संशोधन करणारी, ज्यांना आपण सरळ व्हीआरडीई म्हणतो ती संस्था आहे.

हा शेजार आजवर जमिनीवरचा होता. भिंत होती, तारेचे कुंपण होते, पहाऱ्यावरचा जवान होता, आणि 'छायाचित्रे घेण्यास मनाई आहे' अशी पाटी होती. माणूस पायी किंवा गाडीने जात होता तोवर एवढा बंदोबस्त पुरत असे. आता लग्नाच्या मांडवातून दोन वीत लांबीचे एक यंत्र उठते आणि मिनिटभरात भिंतीच्या वर जाते. त्याला भिंत आडवी येत नाही आणि पाटी वाचता येत नाही. म्हणून ड्रोनचे नियम काय आहेत, आणि ते नगरकरांना इतर गावांपेक्षा अधिक का लागू आहेत, याचा विचार आज करावयाचा आहे.

ड्रोन या शब्दाचा मूळ अर्थ नर मधमाशी. १९३५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये तोफांच्या सरावासाठी वैमानिकाशिवाय उडणारे एक विमान तयार झाले. त्याचे नाव 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी. त्या राणीमाशीवरूनच पुढे वैमानिकरहित विमानांना ड्रोन हे नाव पडले, असे मानतात. तेव्हा या यंत्राची कुळी मुळात लष्करी आहे. यात नगरचाही थोडा वाटा आहे. 'निशांत' या भारतीय वैमानिकरहित विमानासाठी देशी इंजिन तयार झाले, त्या कामात आपल्या व्हीआरडीईचा हात होता. रणगाड्यांच्या गावाने विमानाच्या इंजिनात लक्ष घालावे, ही गोष्ट आम्हांला मोठी मौजेची वाटते.

आता पहिला प्रश्न असा की, माझ्या शेतावरचे आकाश माझे की सरकारचे? जमीन ज्याची त्याचे वरचे आकाशही, असा जुन्या काळचा एक कायदेशीर समज होता. विमाने आली आणि तो टिकेना. अमेरिकेत कॉस्बी नावाच्या एका कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या घरावरून लष्करी विमाने अगदी खालून जात. आवाजाने भेदरून कोंबड्या भिंतींवर आपटत. अशा सुमारे दीडशे मेल्या. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९४६ साली न्यायालयाने सांगितले की आकाश अनंतापर्यंत मालकाचे, ही कल्पना आजच्या जगात चालणार नाही. पण जमिनीच्या उपभोगासाठी लागते तेवढे लगतचे आकाश मालकाचेच आहे, आणि त्याला भरपाई मिळाली पाहिजे. त्याआधी दोनच वर्षे, १९४४ साली, शिकागो येथे राष्ट्रांचा करार झाला होता. त्याचे आठवे कलम म्हणते की वैमानिकावाचून उडणारे विमान दुसऱ्या देशावरून त्याच्या परवानगीशिवाय नेता येणार नाही. नववे कलम प्रत्येक देशाला लष्करी गरजेसाठी अथवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आकाशाचा काही भाग बंद ठेवण्याचा अधिकार देते. ऐंशी वर्षांपूर्वी लिहिलेली ही दोन कलमे आजच्या ड्रोनला किती चपखल बसतात, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे सध्या लागू आहेत ते २०२१ चे ड्रोन नियम. ते त्या वर्षीच्या ऑगस्टच्या अखेरीस जारी झाले. जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली ती २७ जून २०२१ रोजी, म्हणजे अवघ्या दोन महिन्यांपूर्वी. अशा प्रसंगी कोणतेही सरकार घाबरून सारे आकाश बंद करून टाकते. येथे उलट झाले: पूर्वीचे जाचक नियम सैल करण्यात आले, परवान्यांचे अर्ज आणि शुल्के कमी झाली. आमच्या मते हे शहाणपणाचे होते, कारण ज्याला स्फोटके टाकावयाची आहेत तो अर्ज भरीत नाही. अर्ज भरतो तो शेतकरी, मोजणीदार आणि छायाचित्रकार.

या नियमांचा गाभा म्हणजे एक नकाशा. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने तो 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळावर प्रसिद्ध केला. त्यात देशाच्या आकाशाचे तीन रंगांत वाटप आहे. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटर, उडविण्यास वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात विमानतळाच्या वाहतूक नियंत्रकाची परवानगी हवी. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीखेरीज पातेही फिरवावयाचे नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा रंग लागतो. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा आणि वर पिवळा. हे २०० फूट म्हणजे कुतुबमिनाराहूनही कमी. आपल्या जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, तेव्हापासून आसपासच्या गावांच्या डोक्यावर हे वर्तुळ आले आहे. शेतात काही बदललेले नाही. बदलले आहे ते वर.

नगर शहराचा प्रश्न मात्र विमानतळाचा नाही, तो लाल रंगाचा आहे. आणि येथे एक गैरसमज खोल रुजला आहे. पुष्कळ लोक सांगतात, 'लष्करी हद्दीपासून तीन किलोमीटर लांब राहा, म्हणजे झाले.' हे तीन किलोमीटर कोठून आले? २०१८ च्या जुन्या नियमावलीत लष्करी ठाण्यांच्या हद्दीपासून ३ किलोमीटरच्या आत उडविण्यास मनाई लिहिलेली होती. ते नियम गेले. २०२१ च्या नियमांनी असा एकच आकडा सर्वांना न लावता सारे नकाशावर सोपविले. लाल भागाची कड कोठे तीन किलोमीटरपेक्षा जवळ असेल, कोठे लांब. ती कुंपणाच्या रेषेला समांतर असेलच असे नाही. शिवाय नकाशा बदलतो. म्हणून उडविण्यापूर्वी त्या दिवशीचा, त्या जागेचा नकाशा पाहणे हे नियमांनीच बंधनकारक केले आहे. गेल्या वर्षी याच मैदानात उडविला होता, या सबबीला काही अर्थ नाही.

शहराची रचना ध्यानात घेतली म्हणजे अडचण उमजते. भिंगारची नागरी वस्ती छावणीला चिकटून आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. पंडित नेहरू आणि त्यांचे सहकारी १९४२ पासून तेथे बंदिवासात होते, म्हणून लोकांना त्याचे चित्रण करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. आपण ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतो ती सलाबतखानाची कबर पूर्वेच्या डोंगरावर उभी आहे, आणि तेथून सारे नगर दिसते. तेथे ड्रोन उडविण्याचा मोह कोणालाही होईल. पण ती वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तेथे त्या खात्याचीही परवानगी लागते, मग आकाशाचा रंग कोणताही असो.

छायाचित्रकारांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन 'नॅनो' आणि तेथून २ किलोपर्यंतचे 'मायक्रो' गणले जातात. नॅनो चालविणाऱ्यास प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेखातर उडविला तरी लागत नाही. पण लग्नाच्या चित्रणाचे पैसे घेतले की ती हौस राहत नाही, धंदा होतो, आणि मायक्रोसाठी प्रमाणपत्र आवश्यक होते. दुसरे असे की ही सूट केवळ प्रमाणपत्रापुरती आहे. 'अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, याला काही लागत नाही,' असे दुकानदार सांगतो ते अर्धे खरे आहे. लाल आकाश हलक्या यंत्रालाही लालच. ड्रोन नियमांच्या भंगाबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आणि मनाई असलेल्या जागेचे चित्रण केल्याचे ठरले, तर १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा पुढे येतो. तो दंडावर भागत नाही.

खरा पेच आहे तो शेतकऱ्याचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ड्रोनचे प्रशिक्षण मिळते. उसावर आणि फळबागांवर फवारणीसाठी ड्रोन येऊ लागले आहेत. बचतगटांच्या बायकांना ते मिळावेत अशी केंद्राची योजना आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्या, १८ ते ६५ वयाच्या कोणालाही हे शिक्षण घेता येते. विषारी औषध पाठीवर वाहण्यातून मजुराची सुटका होते, हा लाभ लहान नाही. पण त्याच राहुरी तालुक्याला, आणि पारनेर व नगर तालुक्यांना, के. के. रेंजचे क्षेत्र लागून आहे. या तीन तालुक्यांतील २३ गावे रेंजच्या विस्ताराच्या टांगत्या तलवारीखाली वर्षानुवर्षे आहेत. त्यांना जमिनीची काळजी पुरेशी आहे; तिच्यात आता आकाशाची भर पडली.

रेंजवरील बंदीला दुहेरी कारण आहे, हे येथे समजून घेतले पाहिजे. आपल्याला वाटते की लष्कर लपविण्यासाठी मनाई करते. ते खरेच आहे. कोणते रणगाडे आले, किती आले, कसे हलले, हे चित्रातून कळते. पण तोफेचा गोळा उंच कमान करून जातो, आणि सरावाच्या वेळी ते आकाश रिकामे असणे भाग असते. तेथे हेलिकॉप्टरही खालून फिरतात. पात्यावर आदळलेला किलोभर वजनाचा ड्रोन आतल्या माणसांचा घात करू शकतो. ही बंदी गुप्ततेइतकीच जिवाची आहे.

१९३८ च्या कायद्याखाली गोळीबाराच्या सरावाचे क्षेत्र आणि मुदत जाहीर करावी लागते. ती सूचना राजपत्रात, वर्तमानपत्रात येते, गावाला कळविली जाते. गुरे कोणत्या दिवशी तिकडे न्यावयाची नाहीत हे गुराख्याला ठाऊक असते. आकाशाच्या सूचनेला अशी वाट नाही. नकाशा पडद्यावर आहे, चावडीवर नाही. ज्या गावांवर लाल किंवा पिवळा भाग येतो, त्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो मराठीत रंगवून लावावा, यास फार खर्च येणार नाही. दोन रंगांचे डबे आणि एक पेंटर पुरे. जिल्हा प्रशासनाने हे मनावर घ्यावे अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

तात्पुरती बंदीही असते. पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी तातडीच्या वेळी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत लाल ठरवू शकतो. मे २०२५ मध्ये सरहद्दीवर शेकडो ड्रोन आले, तेव्हा दूर मुंबईतही पोलिसांनी उड्डाणांवर बंदी घातली होती. उलट २०२४ च्या पावसाळ्यात पुणे-बीडकडील गावांत रात्री आकाशात दिवे दिसू लागले, चोर टेहळणी करतात अशी आवई उठली आणि लोकांनी रात्री जागून काढल्या. गावात मोजणीसाठी किंवा फवारणीसाठी ड्रोन येणार असेल, तर आधी ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला कळवावे. कायदा काहीही म्हणो, घाबरलेल्या गावात दगड लवकर उचलले जातात.

शेवटी, वाऱ्याने किंवा बॅटरी संपल्याने ड्रोन लष्करी हद्दीत पडला तर काय करावे? तो आणावयास कुंपण ओलांडू नये. रेंजच्या जमिनीत न फुटलेले गोळे पडून असतात. भंगारासाठी आत गेलेल्या माणसांचे जीव त्यांनी यापूर्वी घेतले आहेत. जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन यंत्राचा नोंदणी क्रमांक, जागा आणि वेळ सांगावी. अपघात झाला असेल तर ४८ तासांच्या आत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयास संकेतस्थळावरून कळवावे लागते. यंत्र परत मिळेल की नाही हे लष्कर ठरवील.