कलावंत-ग्रंथ : द्रव्य, नोंद आणि जतन

ग्रंथालयात ग्रंथाची ओळख सामान्यतः कर्ता, शीर्षक, प्रकाशक आणि वर्ष यांवरून पटवली जाते. कागद, शाई व बांधणी ही संहितेची केवळ वाहने होत, असे त्यात गृहीत असते. कागद बदलला म्हणून कादंबरी बदलत नाही; तेव्हा बहुतेक ग्रंथांपुरते हे गृहीत योग्यच आहे. परंतु चित्रकार-शिल्पकारांनी कलाकृती म्हणून रचलेल्या पुस्तकांना, म्हणजे ‘कलावंत-ग्रंथां’ना, ते लागू पडत नाही. तेथे द्रव्य हा अर्थाचाच घटक असतो.

ब्लेझ सांद्रार याची ट्रान्स-सायबेरियन रेल्वेवरील दीर्घ कविता 1913 मध्ये सोनिया दलोने हिच्या रंगांसह सुमारे दोन मीटर लांबीच्या घडीच्या कागदावर प्रसिद्ध झाली. ती उलगडताच रंग आणि अक्षरे एकदमच दृष्टीस पडतात. ब्रूनो मुनारी याने 1949 पासून केलेल्या ‘अवाचनीय पुस्तकां’त शब्दच नाहीत, रंगीत, कापलेल्या पानांचा क्रम हाच तेथील आशय. दीटर रोट याने 1961 पासून पुस्तकांचा व नियतकालिकांचा भुगा करून, त्यात चरबी किंवा जिलेटिन आणि मसाले मिसळून, तो सॉसेजच्या आवरणात भरला. 1974 मध्ये हेगेलच्या समग्र ग्रंथांचे वीस खंड याच रीतीने ‘सिद्ध’ झाले.

अशा कृतींचा संग्रह न्यूयॉर्क येथे 1976 मध्ये स्थापन झालेल्या फ्रँकलिन फर्नेस या संस्थेने केला. 1993 मध्ये तो तेथील आधुनिक कला संग्रहालयाच्या ग्रंथालयाकडे आला. कोणत्याही ग्रंथालयापुढे अशा संग्रहामुळे दोन प्रश्न उभे राहतात.

पहिला नोंदीचा. एड रुशे याचे सव्वीस पेट्रोलपंपांच्या छायाचित्रांचे पुस्तक 1963 मध्ये 400 क्रमांकित प्रतींत निघाले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते नाकारले, आणि रुशेने 1964 मध्ये त्या नकाराचीच जाहिरात केली. पुढे 1967 मध्ये 500 व 1969 मध्ये 3,000 प्रती निघाल्या. यंत्रावर छापलेले, साधे, स्वस्त रूप हा या पुस्तकाचा हेतूच होता. शीर्षक व वर्ष एवढीच नोंद केल्यास तो हेतू अभ्यासकाला कळत नाही. म्हणून कागदाची जात, मुद्रणपद्धती, घडी, बांधणी आणि प्रतींची संख्या यांचीही नोंद आवश्यक ठरते.

दुसरा प्रश्न जतनाचा. तुरटी व राळ यांची खळ दिलेल्या कागदात आम्ल निर्माण होऊन तो पिवळा व ठिसूळ होतो. अशा कागदातील आम्ल घालविणे हा प्रचलित उपाय आहे. मात्र रोटच्या चरबीचा क्षय त्याच्या कल्पनेतच अंतर्भूत होता. तो थांबवावा तर कृती बदलते. न थांबवावा तर ग्रंथ नष्ट होतो आणि शेजारच्या प्रतींनाही कीड लागण्याचे भय असते. आम्लरहित पेटीत व थंड जागी स्वतंत्र ठेवून क्षय मंदावणे, आणि बदलत्या अवस्थांची दिनांकित छायाचित्रे ठेवणे, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग होय.

‘ग्रंथ’ या शब्दाच्या मुळाशी गुंफणे, बांधणे हा अर्थ आहे, आणि मराठीत झाडाचे ते पान, पुस्तकाचेही पानच. भाषेने द्रव्याची ही स्मृती राखली आहे. संगणकीय प्रतिमांवर भिस्त वाढत असताना ग्रंथालयाच्या नोंदीनेही ती राखली पाहिजे. कारण घडी, वजन व स्पर्श प्रतिमेत उतरत नाहीत, आणि जे नोंदीत नाही त्याचा शोध पुढील अभ्यासक घेऊ शकत नाही.